ऐकू येतंय का?

एकाच तारेतून चित्रही जातं आणि आवाजही, असं भाच्यानं सांगितलं तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय आलं ते याच जोरावर. त्याआधीच्या, १९९९ च्या डीव्हीआयमधून नुसतं चित्र यायचं, आवाजाची चूल वेगळी. भाचा एवढंच सांगायला विसरला की आवाज त्या तारेत आपणहून शिरत नाही, कुणीतरी तो आत घालावा लागतो.

ही गोष्ट २००९ च्या सुमाराची. भाच्यानं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि जुनं माझ्या हातावर ठेवलं. "मामा, आता पिक्चर हॉलमधल्या टीव्हीवर बघा!" आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून हॉलपर्यंत, दाराच्या चौकटीवरून, मी स्वतः केबल नेली. मेकॅनिकला बोलावू या, असं बायको म्हणत होती. खिळे ठोकताना किती गिलावा पडला, हा विषय आमच्या घरात अजून निघतो, इथे नको.

चित्र आलं. इतकं सुरेख की नटाच्या मिशीचे केस मोजावेत. आवाज मात्र नाही. रिमोटनं टीव्हीचा आवाज पार वर नेला, केबल काढून उलटसुलट फुंकली, पुन्हा खोचली. बायको पाच मिनिटं शांतपणे बघत बसली आणि म्हणाली, "मूकपट छान आहे."

मग मी अभ्यासाला लागलो. त्या केबलच्या तोंडाशी १९ पिना असतात, पण त्यात आवाजाची म्हणून स्वतंत्र पिन एकही नाही. चित्राच्या ओळी एकामागून एक जात असताना मध्ये थोडी उसंत असते. काचेच्या नळीच्या टीव्हीत किरणाला पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत यायला वेळ लागायचा, त्या काळापासून चालत आलेली ही उसंत. त्या फटीत आवाजाची पुडकी भरून पाठवतात. हे वाचून मी थक्क झालो आणि बायकोलाही थक्क करायला गेलो. ती म्हणाली, "मग तुमची फट रिकामी का?"

प्रश्न बिनतोड होता. रेडिऑनच्या एचडी २००० मालिकेत, म्हणजे २००७ पासून, आवाजाची सोय कार्डाच्या चिपमध्येच होती. मला मिळालेलं कार्ड त्या घराण्यातलं नव्हतं. त्याला मदरबोर्डकडून आवाज उसना घ्यावा लागे, आणि त्यासाठी वीतभर लांबीची एक दोनपदरी तार लागे. मदरबोर्डवर 'एसपीडीआयएफ आउट' असं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेल्या पिनांना एक टोक, कार्डाच्या कडेच्या दोन पिनांना दुसरं.

अशी तार भाच्यानं कार्डाबरोबर दिली होती. ती खोक्यातच राहिली, खोकं गॅलरीत गेलं आणि तारेनं बायकोनं मनीप्लँट गजाला बांधला. वेल सोडवून तार घेतली. पहिल्यांदा उलटी बसली, मग सुलटी बसली. तरी शांतता. शेवटी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर उजवी टिचकी मारली, 'प्लेबॅक डिव्हायसेस'मध्ये डिजिटल आउटपुट निवडलं आणि त्याला डिफॉल्ट केलं. हिरवी खूण उमटली आणि हॉलमधून अशी गर्जना झाली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. टीव्हीचा आवाज पार वर ठेवलेला होता ना!

हिरवी खूण एका वेळी एकाच दाराशी असते. आवाज हॉलमध्ये गेला म्हणजे आतल्या खोलीतले स्पीकर मुके झाले, हे माझ्या ध्यानात यायला रविवार उजाडला.

त्या सकाळी सोसायटीचे चेअरमन हॉलमध्ये पोहे खात होते. टीव्हीवर माझ्या कॉम्प्युटरचा धबधब्याचा वॉलपेपर. भाच्यानं दोन पडदे वेगळे ठेवायला शिकवलं होतं, त्यामुळे आतल्या पडद्यावर काय चाललंय ते टीव्हीवर दिसत नसे. तेवढ्यात स्काइप वाजलं. वर्षभरापूर्वी आमच्याच सोसायटीतून पुण्याला गेलेला मित्र! मी उठून आत गेलो, दार लोटलं. त्याचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हता.

"ऐकू येत नाही रे, जोरात बोल!"

तो जोरात बोलला. मला काहीच नाही.

"अजून जोरात!"

त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या. पिक्चर क्वालिटी उत्तमच होती. मी त्याला हातानं 'वाढव, वाढव' अशी खूण करत होतो, तेवढ्यात बायको दारात आली. तिच्या हातात पोह्यांची अर्धी डिश होती. चेअरमनची.

"भाऊजींना म्हणावं, पोचलं," ती म्हणाली. "टाकीच्या दुरुस्तीत त्या खडूसानं किती खाल्ले, हे त्यांनी दोनदा विचारलंय. आता कोपऱ्यावरच्या वाण्यालासुद्धा ऐकू गेलं असेल."

चेअरमन चपला घालून निघून गेले होते. डिशमध्ये खोबरं तसंच होतं.

तेव्हा वाचकहो, घरात एचडीएमआयची केबल ओढली असेल, तर कॉल घेण्याआधी ती हिरवी खूण कुठे आहे ते बघा. आणि हॉलमध्ये कोण बसलंय, तेही.

टाकीचा हिशेब मात्र पुढच्याच सभेत मांडला गेला, सगळ्या पावत्यांसकट.