अकरामध्ये सेव्ह करून द्या

दिवाळी अंकात कुणाची कथा पहिली, कुणाची कविता पान भरायला आणि कुणाचं नाव मुखपृष्ठावर, हे संपादक ठरवतो असा लोकांचा समज आहे. तो संपादकांनीच पसरवला आहे. अंक खरोखर कसा दिसणार हे ठरवतो प्रेसमध्ये, कटिंग मशिनच्या पलीकडे, प्लॅस्टिक पांघरून बसलेला एक संगणक. त्यात कोरलड्रॉची अकरावी आवृत्ती आहे. पुढे बारावी आली, तेरावीला तेरा न म्हणता एक्स-थ्री म्हटलं गेलं, एक्स-एटनंतर तर थेट सालाचंच नाव द्यायला सुरुवात झाली. आमच्या प्रेसवाल्या काकांना त्याचं ना सोयर ना सुतक. फोन उचलला की "हॅलो"च्या जागी ते म्हणतात, "अकरामध्ये सेव्ह करून द्या."

घरात एका आजोबांना ब्लडप्रेशर निघालं की सगळ्यांच्या ताटात अळणी आमटी येते, तशी ही कंपॅटिबिलिटी असते. आमच्या ऑपरेटर ताईंकडे नवंकोरं सॉफ्टवेअर आहे, दरमहा भाडं भरून घेतलेलं. त्या पान लावतात पारदर्शक थर देऊन, मऊ सावल्या टाकून. मग 'सेव्ह ॲज' करतात आणि आवृत्त्यांच्या यादीत खाली खाली उतरत अकरापाशी येऊन थांबतात. तिथे सॉफ्टवेअर बजावतं की काही परिणाम जसेच्या तसे राहणार नाहीत. 'काही' म्हणजे कोणते, ते सांगत नाही. ते अंक बाइंडिंग होऊन आल्यावर कळतं.

"मग पीडीएफच का नाही पाठवत?" असं शहाणी माणसं विचारतात. पाठवतो की! पीडीएफ काढतानाही खिडकीत 'कंपॅटिबिलिटी' नावाचाच एक रकाना असतो आणि त्यात काकांना हवं असतं 'ॲक्रोबॅट ४'. म्हणजे पीडीएफ १.३. या आवृत्तीला पारदर्शकता म्हणजे काय हेच ठाऊक नाही. ती आली पुढच्या १.४ मध्ये, २००१ साली. त्यामुळे १.३ निवडलं की सॉफ्टवेअर सावलीचे आणि तिच्या आसपासच्या सगळ्याचे तुकडे करतं आणि ते एकाच पातळीवर दाबून बसवतं. सावलीखाली सापडलेल्या अक्षरांचं चित्र होऊ शकतं आणि ती जराशी जाड दिसतात. एका कवीच्या नावातलं पहिलं अक्षर असं बाळसेदार आणि बाकीची कुपोषित छापली गेली. कवींना वाटलं, मुद्दाम केलं. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं.

हे सगळं टाळण्याचा रामबाण उपाय म्हणून प्रेसवाले सांगतात, "कर्व्ह करून द्या." कर्व्ह करणं म्हणजे प्रत्येक अक्षराची नुसती बाह्यरेषा ठेवायची. मग फाँट असो वा नसो, आवृत्ती कुठलीही असो, अक्षर हलत नाही. अडचण एवढीच, की चूकही हलत नाही. कर्व्ह झालेल्या 'विषेशांक'मधल्या ष आणि श यांची अदलाबदल करायला शब्द उरलेलाच नसतो, उरतात फक्त वेटोळी. अशा वेळी ताई पानावर दुसरीकडून एक श कापून आणतात आणि डकवतात. तो मापाने थोडा लहान असतो, पण शुद्ध असतो.

देवनागरीचा संसार याहून नाजूक. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी युनिकोड मजकूर ओतला आणि त्यातला अक्षरं बसवणारा कंपोझर रोमन लिपीचाच राहिला, तर 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी क सोडून उजवीकडे जाऊन उभी राहते, जोडाक्षरांचे पाय मोडतात आणि रफाराला डोकंच सापडत नाही. त्यावर इलाज आहे. प्रेफरन्सेसमध्ये 'ॲडव्हान्स्ड टाइप'मध्ये जायचं आणि 'वर्ल्ड-रेडी' नावाचा कंपोझर निवडायचा. यातली मेख अशी, की फाइल उघडी असताना ही निवड केली तर ती त्या फाइलीपुरतीच राहते; सगळ्या फायली बंद करून केली तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलीला लागू होते. आणि आधीच ओतलेल्या मजकुराला ती सांगूनही ऐकू जात नाही. तो निवडून, परिच्छेद पॅलेटमध्ये जाऊन, त्याला वेगळं सांगावं लागतं.

त्यानंतर भाषा. अक्षरांची भाषा 'मराठी' अशी नोंदवली आणि फाँटात तशी सोय असली, तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. नाही तर हिंदी वळणाचे. सर्वसामान्य वाचकाला यात काही वावगं दिसत नाही. पण आमचे एक पुण्याचे वर्गणीदार आहेत. "आपल्या अंकातील ल उत्तरेकडचा असल्याचे निदर्शनास आले," असं त्यांचं पोस्टकार्ड येतं. आतल्या लेखांबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही.

लेखकांकडून येणारं मॅटर हा तर स्वतंत्र तमाशा. कुणी श्रीलिपीत टाइप करतो, कुणी आकृतीत. हे जुने फाँट आठ बिटांचे, म्हणजे फार तर २५६ घरं. कुठल्या घरात कोणतं अक्षर बसवायचं हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. समोरच्याकडे नेमका तोच फाँट नसला की प्रेमकथा उघडते ती डोक्यावर टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांत. मग कन्व्हर्टर लावायचा. तो बहुतेक सगळं नीट आणतो आणि नेमका 'ऱ्या' वाटेत सांडतो. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. एका संमेलनाच्या स्मरणिकेत भोजनसमितीने आचाऱ्यांचे आभार मानले होते. छापून आलं, 'आचार्यांचे आभार'. व्यासपीठावरच्या दोन्ही आचार्यांनी माना लववून ते स्वीकारले. ज्यांनी पाचशे पानं वाढली, ते स्वयंपाकघरातच राहिले.

या सगळ्यात त्रास नसतो तो व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवणाऱ्या आजींचा. त्यांच्या कागदाला आवृत्ती नाही, फाँट नाही, कर्व्ह तर जन्मजात आहेत.

आणि जुन्या, पेजमेकरमधल्या फायली? १९८५ साली आल्डस कंपनीने मॅकिंटॉशसाठी पेजमेकर काढला, तिथून डीटीपी हा धंदा उभा राहिला. कंपनीचं नाव व्हेनिसच्या आल्डस मॅन्युटिअस या जुन्या मुद्रकावरून घेतलेलं. १९९४ मध्ये अडोबीने कंपनी घेतली, २००१ मध्ये पेजमेकरची सातवी आवृत्ती आली आणि तीच शेवटची ठरली. इनडिझाइनची सीएस-सिक्स आवृत्ती पेजमेकरच्या फायली उघडायची. पुढच्यांनी ती ओळख ठेवली नाही. मॅन्युटिअसने पाचशे वर्षांपूर्वी छापलेली पुस्तकं आजही नुसत्या बोटाने उघडतात. नव्वदीतल्या दिवाळी अंकातली एखादी कथा पुन्हा छापायची, तर छापील अंक समोर ठेवून ती नव्याने टाइप करणं हाच मला जवळचा रस्ता वाटतो. त्या निमित्ताने कथा निदान एकदा कुणीतरी पूर्ण वाचतं.

काकांना नवी आवृत्ती घ्यायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, "घेतो. पण मग तुमचे मागचे अंक कोण उघडणार?" यावर कुठल्याच प्रेफरन्समध्ये उत्तर नाही.

तेव्हा यंदाच्या लेखकांना नम्र विनंती. मजकूर युनिकोडमध्ये, वर्डच्या साध्या फाइलीत पाठवावा. फोटो वर्डमध्ये चिकटवू नयेत, वेगळे पाठवावेत. कवींनी ओळी सरकवण्यासाठी स्पेसबार वापरू नये. शेवटची तारीख १५ ऑगस्ट आहे, आणि ती सर्व आवृत्त्यांत १५ ऑगस्टच आहे.