खारं काय गोडं?

होडीला भोक नसेल तर पाणी आत येणार नाही, असं पुण्यात वाढलेल्या माणसाला वाटतं. देवबागजवळ कर्लीच्या खाडीत माझ्या मामाची लाकडी होडी आहे. तिला भोक नाही आणि तिच्या तळात पाणी आहे. नेहमीच असतं. तळ ठणठणीत कोरडा असलेली होडी मामाच्या मते फक्त कॅलेंडरवर सापडते.

पाणी येतं तरी कुठून, असं विचारणंच चुकीचं. येत नाही कुठून, एवढंच विचारावं. फळ्यांच्या सांध्यांतून झिरपतं, लाटेच्या शिंतोड्यांनी येतं, ओल्या जाळ्यातून निथळतं, आणि गुडघाभर पाण्यातून चालत येऊन आत चढणारा प्रत्येक पाहुणा थोडंफार सोबत आणतो. शिवाय एक अधिकृत गळती आहे. इंजिनाचा दांडा होडीच्या मागच्या बाजूने बाहेर पंख्यापर्यंत जातो. त्याच्याभोवतीची फट बुजवायला ग्रीस लावलेली दोरी, म्हणजे पॅकिंग, ठासलेली असते. होडी चालू असताना तिथून थेंब थेंब पाणी पडताना दिसलं. माझ्यातला जबाबदार नागरिक जागा झाला आणि मी पान्याला हात घातला.

“हात लावू नको मेल्या, जळतला!” मामा सुकाण्यावरून ओरडला.

पाण्यात बसून काय जळणार, हे मला कळेना. मग कळलं की दांडा फिरताना पॅकिंग तापतं आणि त्याला गार ठेवतं ते हेच पाणी. थेंब बंद झाले की पॅकिंग करपतं आणि दांडा झिजतो. म्हणजे होडीत एक जागा अशी आहे जिथून ती गळलीच पाहिजे, आणि गळत नसेल तर काळजी करायची. ज्याने हे शोधलं तो माणूस संसारी असणार.

फळ्यांचंही तेच. मे महिन्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी उन्हात सुकते, लाकूड आक्रसतं आणि फळ्यांमधून पलीकडची माडाची झाडं दिसू लागतात. तशीच ती पाण्यात लोटली तर तासाभरात भरते. यावर उपाय काय, तर ती भरू द्यायची. मामा तिला उथळ पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप आवळतात. मग पाणी उपसायचं. पाणी बाहेर ठेवण्याच्या कामाची सुरुवात होडी बुडवून करायची, हे मी पुण्यात कुणाला सांगितलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. तळात पाणी दिसलं की मामा ते उपसत नाही. आधी बोट बुडवतो, जिभेला लावतो, आकाशाकडे बघतो आणि विचारात पडतो. खारं लागलं तर चेहरा निवळतो. “खारा तर असांदे,” म्हणतो. गोडं लागलं की मात्र डब्याची शोधाशोध सुरू. मला हे उलटंच वाटायचं. खारं म्हणजे खाली गळती आणि गोडं म्हणजे नुसता पाऊस, मग घाबरायचं कशाला? पण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या ओलाव्यात वाढते, मिठात तिचं फारसं चालत नाही. लोणचं मिठात टिकतं हे घराघरांत ठाऊक आहे, होडीचा तळ आपण बरणीत धरला नव्हता एवढंच. समुद्र होडी बुडवेल, पण कुजवणार नाही. ते काम पावसाचं.

आणि पाऊस किती पडतो? होडी पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद. दोन्ही टोकं निमुळती धरली तरी पाचेक चौरस मीटरचं तोंड आभाळाकडे उघडं. कोकणात एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर पेपरवाले वळूनही बघत नाहीत. हिशेब केला तर पाचशे लिटर झाले, म्हणजे अर्धा टन. बरं, हे पाणी गपचूप बसून राहत नाही. होडी डावीकडे कलली की सगळं डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणूनच पावसाळ्यात होडीवर झापांचं छप्पर घालतात. आमच्या त्या छपराखाली वाडीतला एक कुत्रा पावसाळाभर मुक्कामाला असतो, ही माहिती मला चाखण्याचं शिक्षण पुरं झाल्यावर देण्यात आली.

मुंबईच्या मावसभावाने एकदा बॅटरीवरचा पंप आणला. पाणी चढलं की तरंगणारा खटका आपोआप वर उचलला जातो आणि पंप सुरू होतो. डब्यावर ताशी लिटरचा आकडा भरघोस होता, पण तो पाणी वर चढवावंच लागत नसेल तेव्हाचा. दोन हात वर फेकायचं म्हटलं की आकडा उतरतो. त्यात माशांचे खवले, काथ्या आणि कुणीतरी फेकलेलं वेफर्सचं पाकीट एकत्र येऊन जाळीला बिलगले. खटका वर, पंप घरघरतोय, पाणी जागच्या जागी, आणि सकाळपर्यंत बॅटरी संपलेली. मामाकडे पत्र्याचा डबा आहे. त्याला बॅटरी लागत नाही, भाचा लागतो.

मामाला चकित करावं म्हणून मी ‘ट्रिंकोमाली’ जहाजाची गोष्ट सांगितली. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. दोनशे वर्षं उलटली! मामाने विडी बाजूला ठेवली.

“थय पाणी कोण काढता?”

यंदा मी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा माणूस वापरतो तसलं, पाण्यातले क्षार मोजणारं मीटर घेऊन गेलो. जुलै महिना होता. या दिवसांत नदीला एवढं पाणी असतं की खाडीच गोडसर होते, आणि मामाच्या जिभेचं निदान नेमकं गरजेच्या मोसमात डगमगतं. समुद्राचं पाणी म्हणजे लिटरला 35 ग्रॅम मीठ, त्यात हे मीटर शेवटचा आकडाही गाठून थकतं. पावसाचं पाणी अगदी खालच्या आकड्यावर. मी मोठ्या रुबाबात मीटर तळात बुडवलं. आकडा आला तो अधला-मधलाच. ना समुद्र, ना पाऊस.

मामाने आकडा बघितला. सवयीने बोट बुडवलं, ओठांपर्यंत नेलं आणि थांबला. झापांखाली कुत्र्याने कूस बदलली. मामाने त्याच्याकडे एकदा बघितलं, बोट लुंगीला पुसलं आणि मला म्हणाला, “शिकलेलो तू. तूच चाख.”