सेक्रेटरीच्या सहीनिशी

एकोणीस वर्षांचा जो मी होतो, तो आज आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरला, तर वॉचमन त्याला रजिस्टरात नाव, वेळ आणि कोणाकडे जायचंय ते लिहायला लावेल. तो ‘कोणाकडे’च्या रकान्यात ‘स्वतःकडे’ असं काहीतरी लिहील आणि वॉचमन मला फोन करील. असल्या प्रकरणांत फोन सेक्रेटरीला करायचा, असा नियम आहे. नियम मीच केलाय.

तरुणपणीचे आपण भेटलो तर त्याला चार गोष्टी समजावून सांगू, असं माझ्या वयाची माणसं म्हणतात. मला ती हौस नाही. हा पोरगा ऐकून घेणारा नव्हता, ऐकवणारा होता. १९८५ साली बार्शीहून पुण्याला आला तो झब्बा, शबनम आणि ‘कोसला’ घेऊन. आपणच पांडुरंग सांगवीकर आहोत असा साक्षात्कार महाराष्ट्रातल्या ज्या असंख्य पोरांना झाला, त्यांतला हा एक. फरक इतकाच, की यानं हिशेबही मांडला होता. नेमाड्यांचा जन्म १९३८चा, ‘कोसला’ आली १९६३ला, म्हणजे पंचविसाव्या वर्षी. म्हणजे आपल्या हातात अजून सहा वर्षं आहेत. तूर्त झोपायला हरकत नाही.

त्याला तिटकारा होता तो नोकरीचा, लग्नाचा, स्कूटरचा, सत्यनारायणाचा, इस्त्रीच्या कपड्यांचा आणि समारंभातल्या आभारप्रदर्शनाचा. यांतलं आभारप्रदर्शन सोडून बाकी सगळं मी केलं, असं लिहिणार होतो. पण सोसायटीच्या गणपतीत तेही माझ्याकडेच असतं आणि मी ते चांगलं करतो. मांडववाल्याचं नाव विसरत नाही.

त्यानं माझ्यावर खटला भरला तर माझा बचाव तयार आहे. बँकेत नोकरी केली म्हणून काय झालं? मर्ढेकर आकाशवाणीत होते. नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत मास्तर होते. अरुण कोलटकर तर जाहिरातीत होते, आणि जाहिरातीपेक्षा बँक केव्हाही सोज्वळ. हे सगळं मी दमात म्हणून दाखवीन. तो चारमिनार विझवेल आणि म्हणेल, ‘बरोबर आहे. पण ते उरलेल्या वेळात कविता लिहायचे. तुम्ही उरलेल्या वेळात काय करता?’

त्यातल्या ‘तुम्ही’नं मला जास्त लागेल.

मी उरलेल्या वेळात नोटिसा लिहितो.

यावर तो हसेल, तर हसू दे. नोटीस हा वाङ्मयप्रकार मराठीत कुणी गंभीरपणे घेतलेला नाही. पुणेरी पाटीवर लोकांनी इतकं लिहिलं की पाट्यांपेक्षा पाट्यांवरचे लेख जास्त झाले. पण नोटीस आणि पाटी यांत गल्लत करू नये. पाटी लिहिणारा माणूस आयुष्यात एकदा चिडतो आणि पेंटरकडून रंगवून घेतो. नोटीस लिहिणाऱ्याला दर आठवड्याला नव्यानं चिडावं लागतं, शिवाय चिडलोय हे दिसू द्यायचं नसतं. टाकी सफाईची साधी नोटीस घ्या. ‘पाणी बंद’ हे शब्द आधी ठेवले, तर लोक पुढचं न वाचता बादल्या भरायला पळतात आणि तारीख परवाची असते. शेवटी ठेवले, तर तिथवर कुणी पोचतच नाही. मी ते मधोमध ठेवतो आणि त्याआधी ‘कृपया’ लिहितो. ‘कृपया’ वाचलं की आता आपल्याला काहीतरी ऐकवणार, या धास्तीनं माणूस पुढचं वाचतो.

मग पात्रयोजना. नोटिशीत कुणाचं नाव घ्यायचं नसतं. ‘काही सभासद गॅलरीतून चादरी झटकतात’ असं लिहायचं. ‘काही सभासद’ म्हणजे ३०२. हे सगळ्या इमारतीला ठाऊक असतं, ३०२लाही असतं. तरी लिफ्टमध्ये मला तेच विचारतात, ‘कोण हो हे लोक?’ मी म्हणतो, ‘असतात काही.’ ते मान हलवतात, मीही हलवतो आणि तिसऱ्या मजल्यावर ते उतरून जातात. इतकं बोलकं न-बोलणं भल्याभल्या नवकथेत साधलेलं नाही.

माझी सर्वोत्तम कृती म्हणाल तर करवंट्यांवरची. नारळाची करवंटी ओल्या कचऱ्यात जाते की सुक्या, यावर सोसायटीत उभे तट पडले होते. मी दोन्ही बाजूंची मतं, कचरा उचलणाऱ्या बाईंचं म्हणणं आणि माझा निष्कर्ष, असं सविस्तर लिहायला घेतलं. फळा पुरेना, तेव्हा खाली ‘क्रमशः’ लिहून टाकलं. दुसरा भाग लावायच्या आत लोकांनी नारळ आणणं कमी केलं असं चेअरमन म्हणतात. मी ते दाद म्हणून घेतलं.

बायको ही पहिली वाचक. ती म्हणते, ‘एवढं कोण वाचतं? ग्रुपवर टाका.’ ग्रुपवर टाकायला माझा तत्त्वतः विरोध आहे. वाचायला मिनिटभर लागेल अशा मजकुराखाली दुसऱ्या सेकंदाला अंगठा उमटतो. याउलट फळ्यासमोर माणूस लिफ्टची वाट बघत उभा असतो. त्याला दुसरं करण्यासारखं काही नसतं. लिफ्ट बंद पडली की वाचक जिना चढतो आणि माझा खप बुडतो, म्हणून लिफ्टच्या एएमसीचं नूतनीकरण मी एक दिवसही रखडू देत नाही.

आणि त्याचा तरी खप किती होता? ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘भारूड’ या अनियतकालिकांच्या गोष्टी ऐकून, ती चळवळ आटोपल्यावर बऱ्याच उशिरा, त्यानंही एक सायक्लोस्टाइल अनियतकालिक काढलं होतं. नाव सांगत नाही. त्यात उद्गारचिन्हं होती. टाइपरायटरची रिबन काढून स्टेन्सिल कापायचं, चूक झाली की लाल फ्लुइड लावून फुंकत बसायचं, मग शाईनं कोपरापर्यंत बरबटून कागद काढायचे आणि मंडईपासून डेक्कनपर्यंत फुकट वाटत हिंडायचं. लोक घेत आणि पुढच्या कोपऱ्यावर त्यात भजी बांधून घेत. माझ्या नोटिशीत अजून कुणी भजी बांधलेली नाहीत. ती काचेच्या आत असते, किल्ली माझ्याकडे असते.

असो. नोटिसांवर मी बोलायला लागलो की बायको कुकर लावायला उठते.

सांगायचं म्हणजे, मला उपविधी पाठ आहेत. थकबाकीवर व्याज वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळव्याज. सिंकिंग फंड बांधकामखर्चाच्या पाव टक्का. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. ज्यानं एके काळी ‘कोसला’ची पानंच्या पानं घडाघडा म्हणून हॉटेलातल्या लोकांना उठवून लावलं, त्याच डोक्यात ही भर पडली आहे. घरमालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं देतो, तेव्हा सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत जे जादा घेते, त्याला सरकारी मराठीत ‘बिनभोगवटा शुल्क’ म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर त्याच्या कवितासंग्रहाचं नाव होतं. नुसता संग्रह तेवढा निघाला नाही.

हे शुल्क लावण्याचा प्रसंग मागच्या वर्षी आला. ५०४चे मालक कॅनडात असतात. त्यांनी दोन पोरांना फ्लॅट द्यायचं ठरवलं. एक परभणीकडचा, हिंजवडीत नोकरीला. दुसरा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा. समितीची बैठक बसली. चेअरमन म्हणाले, आपली सोसायटी फॅमिलीवाल्यांची आहे. खजिनदारांनी विचारलं, ‘पोरांची आडनावं काय?’

मी म्हटलं, ‘कशाला?’

‘नाही, असंच. माहितीसाठी.’

माहितीसाठी विचारलेल्या आडनावाचं पुढं काय होतं, ते त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नकार कळवताना आडनावाचा उल्लेख कधीच नसतो. पार्किंगचा असतो, लिफ्टवरच्या ताणाचा असतो, ‘आमच्याकडं मुली आहेत’ असा असतो. माझ्या ‘काही सभासद’ची सगळी कला मला तेव्हा समितीच्या टेबलावर पडलेली दिसली, आणि ती मला आवडली नाही.

१९८५ साली सदाशिव पेठेत तो कॉट बेसिसवर राहत होता. घरमालकांनी त्याला आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग चहा विचारला. त्याच्यासोबत आलेल्या मित्राला चहापर्यंत पोचताच आलं नाही. आडनावालाच सगळं थांबलं. ‘कॉट एकच शिल्लक आहे हो,’ असं फार गोड आवाजात सांगण्यात आलं. खोलीत दोन रिकाम्या होत्या.

आमचा बंडखोर पेटला. त्यानं निषेधाची जळजळीत कविता लिहिली. तिच्यात गिधाडं होती, रक्त होतं, अंधाराला फुटलेले दात होते. लिहिली त्याच कॉटवर बसून. कॉट सोडली नाही. परीक्षा तोंडावर होती. मित्र हडपसरहून पीएमटीनं ये-जा करू लागला. कविता वाचून तो म्हणाला, ‘जोरदार आहे. शेवटची बस चुकली की एखाद्या रात्री इथं झोपलो तर चालेल का?’ ते काही चालण्यातलं नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला घरमालकांनी सूचना चिकटवल्या होत्या आणि चौथी पाहुण्यांबद्दल होती. प्रस्थापितांच्या नावानं रोज बोटं मोडणाऱ्या या गृहस्थानं चौथी सूचना पाळली.

म्हणून म्हणतो, त्यानं मला जाब विचारायला यावंच. मलाही दोनचार गोष्टी विचारायच्या आहेत.

तर ती बैठक. मी समितीपुढं कागद ठेवला. आपल्याच उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. त्यानं कळवायचं, करारनाम्याची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती जोडायची, संपलं. सोसायटीनं बिनभोगवटा शुल्क घ्यावं आणि गप्प बसावं. ‘गप्प बसावं’ हे कागदावर नव्हतं, तोंडी म्हटलं. चेअरमन म्हणाले, ‘तुम्ही फार कायद्यावर बोट ठेवता हो.’ खजिनदारांनी कागद दोनदा वाचला आणि ‘बघू’ म्हणाले. बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. माझ्या एकूण लेखनात इतकं थोडक्यात लिहिलेलं दुसरं काही नाही. विशेषण एकही नव्हतं, आणि नेमका त्याच मजकुराचा उपयोग झाला. लेखक म्हणून मला ते अजून पचलेलं नाही.

पोरं राहायला आली. ती कृतज्ञ वगैरे असतील अशी माझी समजूत होती, ती पहिल्या आठवड्यात फिटली. त्यांना यातलं काही ठाऊकच नाही, आणि मी सांगणारही नाही. म्हणजे अगदी विषय निघाला तर सांगेन. हिंजवडीवाला माझ्या स्कूटरच्या जागी बाइक लावतो. परीक्षावाला रात्री साडेअकराला गच्चीवर मोठमोठ्यानं राज्यघटनेची कलमं पाठ करत फेऱ्या मारतो. गच्ची रात्री दहाला बंद होते अशी नोटीस आहे. मी वर गेलो, तेव्हा तो कलम १५वर होता. भेदभाव करता येणार नाही असं त्यानं आकाशाकडं बघत दोनदा म्हटलं. माझ्या हातात किल्ली होती. मी म्हटलं, ‘चालू दे, पण हळू.’ तो म्हणाला, ‘सॉरी काका.’ आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, त्याच आवाजात.

गच्चीच्या वेळेबद्दल मी मग नवी नोटीस लिहिली. जुन्या नियमाची पार्श्वभूमी, अभ्यासू युवकांविषयी सोसायटीला वाटणारी आस्था, ज्येष्ठांची झोप आणि तोडगा, असं सगळं त्यात आलं. दुसऱ्या दिवशी काचेवर स्केचपेननं कुणीतरी लिहिलं होतं : ‘काका, थोडक्यात लिहित जा.’

वॉचमन ओलं फडकं घेऊन आला. मी त्याला थांबवलं. अक्षर झोकदार होतं, पोटातल्या खवचटपणासकट ओळखीचं वाटलं. कापसाला स्पिरिट लावून मी फक्त ‘लिहित’ पुसलं आणि तिथं ‘लिहीत’ केलं. बाकी ओळ तशीच ठेवली. त्या दिवसापासून फळ्यासमोर लिफ्ट आल्यावरही माणसं उभी राहतात. ३०२नी तर मोबाइलवर फोटो काढला.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. समितीची मुदत यंदा संपते आहे आणि मी पुन्हा उभा राहणार नाही. परीक्षावाल्या पोराचं नाव सुचवावं असं मनात आलं होतं. कलमं पाठ आहेत, आवाज आहे, थोडक्यात लिहिण्याचा आग्रह आहे. पण भाडेकरूला समितीवर येता येत नाही. तेव्हा सर्व सभासदांना नम्र विनंती, की सभेला वेळेवर यावं. गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती न जमल्यास अर्ध्या तासानं तीच सभा त्याच जागी होईल. चहा आहे. सेक्रेटरीपदासाठी इच्छुकांनी नावं द्यावीत. काही सभासदांनीही द्यायला हरकत नाही.