इथे मऊ लागतंय

प्रत्येक मंडळात एक नाना असतातच, त्यामुळे ओळख करून द्यायच्या भानगडीत मी पडत नाही. आमचे नाना मिशिगनचे. सत्तरीला टेकलेले, मोटार कंपनीतून निवृत्त, घराचं कर्ज फिटलेलं, मुलं मार्गी लागलेली. अशा माणसाने सकाळी फिरायला जावं, दुपारी वामकुक्षी घ्यावी आणि संध्याकाळी भारतातल्या राजकारणावरचे फॉरवर्ड पाठवून आम्हाला छळावं, एवढीच समाजाची माफक अपेक्षा असते. पण नानांकडे 1996 सालचा, गाडीमागे ओढायचा चोवीस फुटी कॅम्पर ट्रेलर आहे. त्यामुळे ते भिंती दाबतात.

दाबतात म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याने, डोळे किंचित मिटून, वैद्याने नाडी बघावी तशा गांभीर्याने. स्वतःच्या ट्रेलरच्या भिंती दाबल्या असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मध्यंतरी नोव्हायला एका तरुण जोडप्याची वास्तुशांत होती. गुरुजींनी संकल्पासाठी हातावर पाणी घातलं, मंडळी गप्प झाली, आणि हॉलच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या नानांचा खणखणीत आवाज आला, “इथे मऊ लागतंय.” यजमानांच्या हातातलं पाणी सोवळ्यावर सांडलं. नुकत्याच पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जणू घर तिनेच भिजवून ठेवलंय.

शाळेच्या ज्या जिममध्ये आमची दिवाळी होते, तिथल्या स्टेजमागच्या भिंतीचीही नानांनी अशीच तपासणी केली. त्या वेळी स्टेजवर नाटक चालू होतं आणि नायिका मरत होती. घरी पुरणपोळी झाली तरी ते आधी अंगठ्याने दाबतात. वहिनी म्हणतात, “ ‘मऊ’ हा शब्द या माणसाने कौतुकाने फक्त माझ्या पोळीला वापरलाय. एकदाच.”

कहर झाला तो एल्कहार्टला. सांगलीहून नानांचे साडू आणि मेहुणी आले होते. त्यांना नायगारा बघायचा होता. पाणी वरून खाली पडताना बघायला एवढं लांब कशाला जायचं, असं म्हणून नाना त्यांना इंडियानातल्या एल्कहार्टला घेऊन गेले. अमेरिकेतल्या ट्रेलरधंद्याची ही पंढरी. तिथे ट्रेलरांचं संग्रहालय आहे. 1913 सालचा एक चिमुकला प्रवासी ट्रेलर तिथे जपून ठेवलाय, आणि मे वेस्ट या नटीची 1931 सालची शेवरोलेची घरगाडीही. साडू मे वेस्टच्या गाडीपाशी रेंगाळले. नाना 1913च्या ट्रेलरपाशी गेले, इकडेतिकडे बघितलं आणि अंगठा पुढे केला. रखवालदार धावत आला. नाना त्याला शांतपणे म्हणाले, “घाबरू नका, घट्ट आहे.” साडू अजून फोनवर विचारतात, “काय नाना, घट्ट आहात ना?”

आता न्यायाने बोलायचं तर या खोडीमागे शास्त्र आहे, आणि ते मला पाठ झालंय, कारण नानांच्या शेजारी जेवायला बसणाऱ्याला ते पाठ होतंच. त्या काळच्या ट्रेलरला बाहेरून ॲल्युमिनियमचा पन्हळी पत्रा, आतून नक्षीचा कागद चिकटवलेला पातळ प्लायवूड, मध्ये लाकडाच्या बारीक पट्ट्या आणि फायबरग्लासचा कापूस. वर रबराचं छप्पर. त्या छपराला आपणच भोकं पाडलेली: हवेच्या झरोक्याला एक, सांडपाण्याच्या नळाच्या हवानळीला एक, अँटेनाला एक. भिंतीत खिडक्या, कोपऱ्यांवर स्क्रूंची रांग, पुढे-मागे छोटे दिवे. यातल्या कुठल्याही भोकाचं लुकण वाळून चिरलं की पाणी शिरतं. शिरतं दिव्यातून आणि दिसतं पलंगाच्या उशाशी, कारण मधल्या पट्ट्यांवरून त्याची सहल चालू असते. कापूस ओल धरून ठेवतो आणि लाकूड गुपचूप सडतं. आतला कागद मात्र छान फुलाफुलांचा, कोरा करकरीत. म्हणून डोळ्यांचा उपयोग नाही. नाकाला कुबट वास लागला आणि अंगठा आत गेला, की समजायचं.

मुलाने वाढदिवसाला ओल मोजायचं मीटर दिलं. दोन टाचण्या लाकडात टोचायच्या, आकडा येतो, वीस टक्क्यांच्या वर गेला की काळजीचं. नाना ते वापरतात, पण आधी अंगठा लावतात आणि मग मीटरची परीक्षा घेतात.

मीही एकदा बघितलं. पुढच्या कोपऱ्यावरचा दिवा नानांनी काढला. स्क्रू गंजून अर्धे झालेले. त्याखालची लुकणाची जुनी पट्टी नखाने उचलली तर खडूची पूड पडावी तशी पडली. मग भोकातून आतल्या लाकडात टोच्या घातला आणि तो मुठीपर्यंत गेला. ओढून काढल्यावर टोकाला काळपट, ओला चोथा. नाना त्या चोथ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आधीच्या मालकाने इथे सिलिकॉन फासलंय.” नानांच्या तोंडून मी याहून जड शिवी ऐकलेली नाही. सिलिकॉन दिसायला चकचकीत, पण रबराच्या छपराला ते धड धरत नाही, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. मंडळाची कार्यकारिणी एखादं भांडण वरवर मिटवते तेव्हाही नाना मागच्या रांगेतून पुटपुटतात, “सिलिकॉन.”

पावसाआधी छप्पर शाकारणाऱ्या कोकणातून आलेला माणूस. मिशिगनचं बर्फ एप्रिलअखेर सरलं की ते ‘शाकारणी’ काढतात. छपरावर गुडघे टेकून जुनं लुकण प्लास्टिकच्या खुरप्याने खरवडायचं, कारण लोखंडी खुरपं रबर फाडतं. पुसून कोरडं करायचं. झरोक्याच्या कडेखाली ब्यूटाइलची टेप बसवायची, स्क्रू आवळायचे, कडेने टेप बाहेर फुगून आली की जादाची कापायची आणि वरून लॅप सीलंट सोडायचं, जे सपाटीवर आपोआप पसरतं. उभ्या भिंतीला तेच लावलं तर ओघळतं, तिथे घट्ट जातीचं हवं. हा फरक न कळणाऱ्या माणसाशी नाना फार बोलत नाहीत. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखात करड्या सीलंटची एक रेघ कायमची बसली आहे. सत्यनारायणाचं तीर्थ घेतानाही ती दिसते.

एका वर्षी गळती सापडेना, तेव्हा त्यांनी झरोक्यात पंखा उलटा बसवून सगळी दारंखिडक्या बंद केल्या, ट्रेलरमध्ये हवा भरली आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडलं. जिथे बुडबुडे, तिथे भोक. युक्ती बिनतोड होती. शेजारच्या अमेरिकन बाईंना मात्र वाटलं की हा आमचा काहीतरी धार्मिक विधी आहे. त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

वहिनींचं दुःख वेगळं आहे. ट्रेलर उभा करताना नाक जरा वर हवं, म्हणजे छपरावर पाणी साचत नाही, हा नानांचा सिद्धांत. ट्रेलरमधला जुना फ्रिज गॅसवर चालतो आणि सपाटीवर नसला तर धड थंड करत नाही, हे वहिनींचं वास्तव. “यांचं छप्पर कोरडं राहतं आणि माझं दही आंबतं,” त्या म्हणतात. हिवाळ्याआधी नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, ट्रेलरवर श्वास घेणारं कापड घालायचं. निळी ताडपत्री नाही, कारण ती वाऱ्याने फडफडून छप्पर घासते. बर्फ वितळून फटीत शिरलं आणि पुन्हा गोठलं की नऊ टक्के फुगतं, म्हणून जानेवारीत सुद्धा शिडी लावून पाहणी. एवढं सगळं कशासाठी, तर उन्हाळ्यात दोनदा लुडिंग्टनला जायचं. बाकीचं वर्ष, त्या दोन खेपांना पाणी लागू नये म्हणून.

त्यातल्या एका खेपेला मी सोबत होतो. लेक मिशिगनवरून रात्री असा पाऊस आला की सगळा तळ जागा झाला. नानांचा ट्रेलर आतून ठणठणीत. तरी नाना बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा दाबत फिरत होते. शेजारी एक नवाकोरा, आमच्या वर्षाच्या पगाराएवढा ट्रेलर होता. त्याची सरकून बाहेर येणारी खोली गळत होती आणि आतलं कुटुंब गाद्या उचलत होतं. नाना रेनकोट चढवून गेले, खोली आत सरकवायला लावली, टॉवेल दिले, आणि रात्रभर त्यांच्या दोन मुलांना वहिनींच्या पलंगावर झोपवलं. सकाळी त्या गृहस्थाने आभार मानले तेव्हा नाना त्याच्या भिंतीला अंगठा लावून उभे होते.

आणि हो, नोव्हायच्या त्या घरात वरच्या बाथरूमच्या कमोडखालचं मेणाचं सील खरंच गेलं होतं. आठवड्याने भिंत फोडली तेव्हा आत बुरशी सापडली. सासूबाईंनी नानांना पेढे पाठवले. आता कोणी घर घ्यायला निघालं की तपासणीच्या इन्स्पेक्टरच्या आधी नानांना बोलावतात. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, कारण चिडून लिहायला बसलो होतो.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी शिडी बंद केली. मुलगा म्हणाला, “बाबा, विका आता, हॉटेल बुक करून देतो.” नाना काही बोलले नाहीत, पण जाहिरात दिली. ओहायोहून एक तरुण आला, बायको आणि दोन मुलं घेऊन. मुलं आत शिरून बंकवर चढली सुद्धा. सौदा जवळजवळ झालाच होता. नानांनी त्या तरुणाचा हात धरला, त्याचा अंगठा पलंगामागच्या कोपऱ्यावर टेकवला आणि म्हणाले, “इथे मऊ लागतंय. 2019मध्ये दुरुस्त केलंय, पण पुन्हा बघायला हवं.” मग दुसरा कोपरा. मग खिडकीखालचा. मग सगळ्या दुरुस्त्यांची तारीखवार वही. तरुणाची बायको मुलांना बंकवरून उतरवायला लागली.

वहिनी म्हणाल्या, “मुलीच्या लग्नात एवढं खरं बोलला असतात, तर जावई पळाला असता.”

तर ट्रेलर अजून विकायचाय. छप्पर रबराचं, लुकण या वसंतातलं, मीच शिडीवर चढून लावलं, नाना खालून ओरडत होते. वही सोबत मिळेल. किमतीचं बोलून ठरवू. बघायला यायचं असेल तर पाऊस चालू असताना या. कोरड्या दिवशी नाना ट्रेलर दाखवत नाहीत.