कूपर ब्लॅक वापरण्यापूर्वी वाचावयाच्या सूचना

कूपर ब्लॅक हा टाइप आजकाल पुष्कळ संगणकांवर सहज सापडतो, त्यामुळे तो कोणीही, कुठेही वापरतो. हे थांबावे म्हणून या सूचना प्रसृत करण्यात येत आहेत.

आधी प्रकृती समजून घ्यावी. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांनी हा टाइप आखला आणि बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या तिथल्याच फाउंड्रीने १९२२ साली त्याचे खिळे बाजारात आणले. जाहिरातवाल्यांना ठसठशीत अक्षर हवे होते. ते मिळाले, पण त्याला एकही कोपरा नव्हता. रोमन अक्षरांच्या टोकांना जे सेरिफ, म्हणजे छोटे फाटे, असतात, ते इथे सुजून गोल झालेले आहेत. तळही सपाट नाही, म्हणून अक्षरे ओळीवर उभी न राहता बसकण मारतात. छोट्या ‘ओ’च्या पोटातली पोकळी तर मागे कललेली आहे, भरपेट जेवून आरामखुर्चीत रेललेल्या मामासारखी. दूरदृष्टीच्या मुद्रकांनी आपल्या अधू दृष्टीच्या गिऱ्हाइकांसाठी हा टाइप घ्यावा, अशा अर्थाचे खुद्द कूपर सांगत. गिऱ्हाइके रागावली नाहीत, यातच सगळे आले.

यावरून मुख्य नियम निघतो : या टाइपात कोणावरही रागावता येत नाही. घरमालकाने ‘आठ दिवसांत खोली रिकामी करा’ अशी इंग्रजी नोटीस कूपर ब्लॅकमध्ये काढली, तर भाडेकरू ती वाचून सहकुटुंब चहाला येईल. वसुलीची पत्रे, निधनवार्ता आणि शस्त्रक्रियेपूर्वी सही करायचे कागद यांपासून तो लांब ठेवावा. याउलट पैसे मागायचे आणि समोरच्याला ते कळू द्यायचे नाही, अशा प्रसंगी त्याला तोड नाही. ईझीजेट ही विमान कंपनी आपले नाव नारिंगी रंगासह याच टाइपात मिरवते. तिकीट स्वस्त, सँडविच विकत. तरी नाव वाचून प्रवासी खूश!

आकारात कंजुषी करू नये. बारीक छापल्यास ‘ए’ आणि ‘ई’ची पोटे बुजतात. सबंध परिच्छेद या टाइपात जुळवणाऱ्याने तो स्वतः मोठ्याने वाचून दाखवावा, एवढी शिक्षा पुरे.

वयाबद्दल बोलू नये. बीच बॉइज या बँडच्या ‘पेट साउंड्स’ या १९६६च्या तबकडीच्या वेष्टनावर गायक शेळ्यांना खाऊ घालत आहेत आणि वर कूपर ब्लॅक आहे. पुढे सत्तरच्या दशकात टी-शर्टांवरही तो पसरला. तेव्हापासून लोक त्याला त्याच काळातला समजतात. पन्नासएक वर्षे कमी धरली जात असतील, तर कोण दुरुस्ती करील?

मराठी मजकुरासाठी तो शोधत बसू नये. त्यात देवनागरी नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टाइप आखणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ घ्यावा. त्याला सेरिफ नाहीत, पण अंगाने तोही गुबगुबीतच आहे.

एवढे करूनही निर्णय होत नसेल, तर मजकूर आरशासमोर वाचावा. कपाळाला आठी पडली तर टाइम्स न्यू रोमन घ्यावा, गाल फुगले तर कूपर ब्लॅक. दोन्ही झाले, तर टाइप राहू द्यावा आणि आधी मजकूर बदलावा.