हजेरी गुरुजी

29 मार्च 2020, रविवार. सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

“आहेस का?”

“घरीच आहे, गुरुजी.”

“घरचं नाही विचारलं. उपासनेत आहेस का?”

“उपासना कुठंय? चर्चला कुलूप आहे. आणि किल्ली तुमच्याकडेच.”

“किल्ली माझ्याकडे आहे म्हणूनच विचारतोय. नाव लावू की नको, तेवढं सांग.”

म्हटलं, लावा. लॉकडाऊनचा तो पाचवा दिवस. बाहेर चिटपाखरू नव्हतं. नगरच्या आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी उपासना झाली नाही, पण हजेरी झाली. त्रेसष्ट घरं, त्रेसष्ट फोन. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आकडा आला: हजर 171, गैरहजर 9, फोन उचलला नाही 4, ‘नंतर करतो’ म्हणाले 2.

प्रत्येक मराठी मंडळीत असा एक माणूस असतोच. पाळकसाहेब बदलतात, कमिटी बदलते, भिंतीचा रंग बदलतो. हा मात्र दाराजवळच्या शेवटच्या बाकावर मांडीवर रजिस्टर घेऊन बसलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. त्याचा देवावर विश्वास असतोच, आकड्यावर जरा जास्त असतो. प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटले की आमचे गुरुजी डोळे उघडतात, कारण तेवढा वेळ कोणी हलत नाही आणि डोकी नीट मोजता येतात. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. शाळा, दवाखाने आणि रजिस्टरं आम्हाला त्यांच्याकडून मिळाली. शाळा-दवाखाने सगळ्या गावाचे झाले, रजिस्टर तेवढं गुरुजींनी ठेवून घेतलं.

तरुण संघातल्या एका आगाऊ मुलानं त्यांना एकदा भर चहात सुनावलं होतं, “गुरुजी, दाविद राजानं शिरगणती केली आणि देशावर मरी आली. तुम्ही तर तीस वर्षं करताय.” गुरुजींनी बशीतला चहा शांतपणे संपवला. “दाविदानं लढाईसाठी मोजले. मी चहासाठी मोजतो,” म्हणाले. पुढे मरी खरंच आली तेव्हा त्या मुलाचा फोन त्यांनी सगळ्यात आधी लावला.

झूम आलं आणि गुरुजींचं गणित कोलमडलं. बाकावर माणूस म्हणजे माणूस. इथे चौकटी. एका चौकटीत नुसतं छत, एका चौकटीत आजीचं अर्धं कपाळ आणि कॅलेंडर, आणि एका चौकटीला नाव ‘रेडमी नोट 7’. गुरुजींनी तेही लिहून घेतलं आणि पाहुणे म्हणून धरलं. मग त्यांनी पद्धत बसवली. उपासनेच्या आधी प्रत्येक चौकटीला विचारायचं, “मागे किती?” एकीकडून उत्तर आलं, पाच. “दिसतायत तीन.” “एक अंघोळीला गेलाय.” “आणि पाचवा?” “तो झोपलाय, पण ऐकतोय.” गुरुजींनी साडेचार मांडले.

गाण्याचं तर विचारू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी देशी चालीची भजनं हाती दिली, तेव्हापासून आम्हाला टाळ्या वाजवत एका सुरात गायची सवय. झूमवर पेटी सावेडीहून निघायची, तबला भिंगारहून, आणि दोघांची गाठ काही पडायची नाही. पहिल्या रविवारी ‘उपासना संगीत’ उघडून सगळे एकदम गायला लागले, तेव्हा ते गाणं निदान सात वेळा संपलं. शेवटचं ‘आमेन’ एका काकूंचं. त्यांचं नेट हळू होतं. पुढं प्रवचन सुरू झाल्यावर ते आलं.

चाळीस मिनिटांनी फुकटचं झूम बंद पडतं, हे आम्हाला असं कळलं. आमच्या पाळकसाहेबांच्या प्रवचनाला नेहमी तीन मुद्दे. दुसरा संपायला अडतीसावं मिनिट उजाडायचं. “आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा” असं म्हणून ते चष्मा वर करायचे, आणि पडदा काळा. असे कितीतरी रविवार गेले. आशेनं कसं राहावं, याचे दोन दोन मुद्दे मंडळीला पाठ झाले, तिसरा कुणालाच माहीत नव्हता. पैसे भरून झूम घ्यावं का, यावर कमिटीची बैठकही झाली. झूमवरच. ठराव मताला टाकायच्या वेळी चाळीस मिनिटं झाली. मध्यंतरी हे झूम सुरक्षित नाही असं सरकारनं सांगितलं, तेव्हा कोणीतरी घाबरून म्हणालं, आपलं बोलणं कोणी चोरलं तर? गुरुजींचा चेहरा उजळला. “चोर आला तर आला. त्याचं नाव तेवढं लिहून घेऊ.”

त्याआधीचा, 5 एप्रिलचा, झावळ्यांचा रविवार मला अजून दिसतो. झावळ्या आणायच्या कुठून? बाहेर पोलीस. संडे स्कूलच्या मुलांना पाळकबाईंनी सांगितलं, जे हिरवं मिळेल ते हातात घ्या. कुणी कढीपत्ता घेतला, कुणी मनीप्लांट. आमच्या शेजारच्या आजीच्या पाच वर्षांच्या नातवानं कॅमेऱ्यासमोर केरसुणी नाचवायला घेतली. आजी मागून ओरडली, “मेल्या, प्रभूला केरसुणी दाखवतोस?” उपासना थांबली. पाळकसाहेब गप्प. तेवढ्यात गुरुजींची चौकट उजळली. “थांबा. केरसुणी कशाची?” आजी म्हणाली, शिंदीची. “शिंदी ही खजुराची बहीण. आणि यरुशलेमात लोकांनी खजुरीच्याच झावळ्या घेतल्या होत्या. उलट त्या पोराचंच शास्त्राला धरून आहे. मनीप्लांटवाल्यांनी विचार करावा.” तेव्हापासून त्या घरात ती केरसुणी उभीच ठेवतात, आडवी नाही.

त्याच रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावायचे होते. नाताळच्या उपासनेच्या उरलेल्या मेणबत्त्या गुरुजींकडेच असतात, बुडं कापलेल्या, नव्याण्णव. सगळं गाव दिवे लावत होतं तेव्हा गुरुजी गच्चीवर चढून आपल्या लोकांची घरं शोधत होते. कुठली खिडकी अंधारात आहे, ते त्यांनी टिपलं. दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन. तिथल्या बाईंच्या घरातलं रेशन संपलं होतं आणि सांगायला संकोच वाटत होता. दुपारी पोतं पोचलं. पोत्यावर चिठ्ठी: ‘दिवा का नव्हता, ते कळलं.’

अर्पणाचंही सांगायला हवं. थैली फिरते तेव्हा मूठ बंद असते, आत काय पडलं ते देवाला ठाऊक. फोनवरून पैसे पाठवायला लागल्यावर ते गुरुजींनाही ठाऊक झालं. एका सधन गृहस्थांनी आधी 1 रुपया पाठवला, ‘जातोय का बघतो’ म्हणून. तो गेला. पुढचे काही आले नाहीत. गुरुजींनी एका रुपयाची पावती फाडली, सही-शिक्का केला, फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, ‘जातोय.’

सप्टेंबरात गुरुजींनाच झाला. दहा दिवस कोविड सेंटर. आम्ही म्हटलं, आता तरी उसंत. तर त्या माणसानं तिथं उशाशी वही ठेवलेली. मंडळीतून चौकशीचे फोन येत, आणि गुरुजी ऑक्सिजनची नळी सावरत फोन करणाऱ्याचं नाव लिहून घेत. सातव्या दिवशी मला मेसेज: ‘आजवर 58 घरं. उरलेल्या पाचांना आठवण दे. ताप नाही.’

त्या महिन्यात आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाई गेल्या. कोविडनं नव्हे, वयानं. महिला मंडळाच्या जुन्या अध्यक्षा. मातीला वीसच माणसांची परवानगी. गुरुजी दोनच दिवसांपूर्वी घरी आले होते, डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. यादी तरीही त्यांनीच केली, दुसरं कोण करणार? आयुष्यभर आकडा वाढावा म्हणून धडपडलेला माणूस त्या रात्री नावं खोडत बसला होता. मी दफनभूमीत पोचलो तेव्हा फाटकाबाहेर लिंबाखाली कोणीतरी उभं, तोंडाला दोन मास्क, हातात छत्री. जवळ जायला लागलो तर छत्री पुढे करून थांबवलं. नंतर रजिस्टरात पाहिलं. ‘अंत्यविधी. आत 20. बाहेर 1.’

16 नोव्हेंबरला, पाडव्याला, राज्यातली देवळं, मशिदी, चर्च उघडली. 22 तारखेला आमचा पहिला रविवार. एकाआड एक बाकावर लाल पट्टी. दारात गुरुजी, एका हातात तापमापक, दुसऱ्या हातात रजिस्टर. पासष्टच्या पुढच्यांनी घरी थांबावं, असं नियमात होतं. चार आजोबांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. पाचवे मात्र अडून बसले.

“तुमचं वय किती, गुरुजी?”

“एकाहत्तर.”

“मग तुम्ही कसे आत?”

“मी कुठे आलोय? मी कामावर आहे.”

त्या दिवशी पाळकसाहेबांनी तिसरा मुद्दा सांगितला. सात महिन्यांचा तुंबलेला होता, बराच वेळ चालला. चाळिसाव्या मिनिटाला निम्म्या मंडळीनं सवयीनं खिसे चाचपले. नंतरच्या प्रार्थनेत मी एक डोळा किलकिला केला. गुरुजी उभे राहून बोटानं हवेत डोकी मोजत होते. पट्टी लावलेल्या बाकांपाशी बोट थबकायचं, मग पुढे सरकायचं.

चहा नव्हता, परवानगी नव्हती. जाताना रजिस्टर उघडंच होतं. हजर 46.

“सत्तेचाळीस,” त्यांच्या बाई मागून म्हणाल्या. “स्वतःला कोण धरणार?”

“सांगितलं ना, मी आलेलो नाही,” गुरुजी म्हणाले, आणि कुलूप लावायला वळले. आत तरुण संघाचा तो आगाऊ मुलगा अजून पट्ट्या काढत होता.