चपलांची सीडी

आषाढीच्या वाटेवर आमच्या गाडीतळाला पालख्यांचे रस्ते वेगळे होतात. माउली सासवड रस्त्याला वळून दिवेघाटाकडे निघतात, तुकोबा सोलापूर रस्त्याने सरळ लोणी काळभोरला जातात. त्या दिवशी हडपसरकर कुठल्याही कामाला जात नाही. श्रद्धा असतेच, शिवाय जाताच येत नाही.

2006 साली नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा सोहळा नव्याकोऱ्या हँडीकॅमवर टिपला. 'टिपला' हा त्यांचा शब्द. घरी आल्या आल्या त्यांनी सासवडच्या आत्याला, फुरसुंगीच्या मामांना, मगरपट्ट्यातल्या दाजींना आणि अमेरिकेत एडिसनला असलेल्या चुलत बहिणीला फोन लावून सांगून टाकलं, "सीडी पाठवतोय. कुठल्याही प्लेअरवर चालेल. आपला हा करून देतोय ना!"

'आपला हा' म्हणजे मी. घरात संगणक माझा होता, एवढीच माझी पात्रता.

तपकीर गल्लीतून फायरवायरची केबल आणली आणि कॅमेरा संगणकाला जोडला. या जोडणीत घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट संगणकात उतरायला साठ मिनिटंच लागतात, आणि ती उतरून 13 जीबी जागा अडवून बसते. माझी अख्खी हार्ड डिस्क 40 जीबीची. म्हणजे तीन वाऱ्या झाल्या की घर भरलं. समोर बसून सगळी कॅसेट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून पाहिली. तेव्हा घोटाळा उघडकीला आला.

हँडीकॅमला तांबडं बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. नानांनी सुरुवातीलाच ते एकदा जास्त दाबलं आणि तिथून सगळा हिशेब उलटा झाला. पालखी समोर आली की ते कॅमेरा बंद करत, आणि 'चला, झालं' म्हणून हात खाली सोडला की चालू. त्यामुळे रथाचे बैल मोजून अकरा सेकंद दिसतात आणि नानांच्या चपला एकोणचाळीस मिनिटं. उरलेल्या वेळात रस्ता, दुसऱ्यांच्या चपला आणि एक कुत्रं. आवाज मात्र सगळा आहे. टाळ आहेत, मृदंग आहेत, आणि "पिशवी कुठंय?" हेही आहे.

मी चपला कापल्या. कापाकापी करून नऊ मिनिटांची देखणी फिल्म केली. मागे सनई टाकली, सुरुवातीला मेनू केला, त्यात फिरणारी तुळस ठेवली. आता फक्त डीव्हीडी जाळायची बाकी होती. हा 'बर्न' शब्द आमच्या आईला शेवटपर्यंत पटला नाही. पालखीचं शूटिंग जाळायचं? ते सॉफ्टवेअर नीरो नावाचं, चिन्हात पेटलेलं रोमचं कलोसियम. ते पाहून तिने त्या खोलीत उदबत्ती लावली.

फिल्म डीव्हीडीच्या साच्यात बसवायला माझ्या यंत्राला रात्रभर लागे. बुधवारी रात्री लावली. गुरुवारी वीज जाते हे पुण्यातल्या पोराला बाराखडीच्या आधी कळतं, पण मला त्या रात्री फक्त तुळस दिसत होती. सकाळी तबकडी निम्मी जळालेली असताना वीज गेली. ती तबकडी पुढे कित्येक वर्षं आईच्या चहाच्या कपाखाली इमानाने सेवा देत राहिली.

दुकानात गेलो तर दुकानदाराने विचारलं, "प्लस का मायनस?" डीव्हीडीत दोन पंथ आहेत हे तेव्हा कळलं. काम दोघांचं तेच, फक्त काढणाऱ्या कंपन्यांचे गट दोन. पालख्यांसारखंच म्हणालो असतो, पण पालख्या निदान वाखरीला तरी भेटतात. डब्यावर 4.7 जीबी लिहिलेलं आणि संगणक म्हणे 4.38. कंपनी हजाराने मोजते, संगणक 1024 ने. मापात मारायची ही शास्त्रशुद्ध पद्धत वाण्यांना कशी सुचली नाही कोण जाणे.

पहिली तबकडी दाजींकडे. त्यांचा प्लेअर जपानी आणि महाग, आणि त्याची किंमत चहाच्या आधी सांगायची त्या घरची रीत. तबकडी आत गेली. प्लेअर विचार करू लागला. खूप वेळ घुर्र घुर्र केल्यावर त्याने काचेवर निकाल दिला : 'नो डिस्क'. दाजी म्हणाले, "आमचा ओरिजिनलच घेतो." त्यात तथ्य होतं. कारखान्यात छापलेल्या तबकडीवरून लेझरचा उजेड भरपूर परततो, घरी जाळलेलीवरून कमी आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यूवरून तर फारच कमी. चार पैसे वाचवायला मी नेमकी आरडब्ल्यू वापरली होती. दुसरी तबकडी साधी घेतली, पण 'फायनलाइज' करायला विसरलो. म्हणजे मंगलाष्टकं झाली आणि अंतरपाट तसाच. तिसरीवर पालखीचं रंगीत स्टिकर हौसेने चिकटवलं, तर ती आत असा काही फेर धरू लागली की ताईने देवघरातली समई हलवली.

एडिसनहून फोन आला, चित्रच येत नाही. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला 25 चित्रं. तिकडे एनटीएससी, जवळपास 30. त्यात जगाचे प्रांत पाडलेले. अमेरिका पहिल्या प्रांतात, आपण पाचव्या. सोबतीला रशिया, मंगोलिया आणि उत्तर कोरिया. पुणेकराला न विचारता मंगोलियाच्या पंगतीत बसवल्याचा राग मी घरच्या तबकडीवर प्रांताची अटच न घालून काढला. पण पाल काही हटेना.

एवढ्यात मामा दारात. मोटारसायकल चालूच. "आमच्याकडं साधा व्हीसीडीवाला आहे बरं का. देतोस का काही?" व्हीसीडी म्हणजे या खानदानातली सगळ्यात गरीब बहीण. सातशे एमबीच्या साध्या सीडीवर ऐंशी मिनिटं मावतात, पण चित्र डीव्हीडीच्या जेमतेम चौथाई. वारकऱ्यांचे चेहरे पुरणासारखे दिसतात. नटवी फिल्म पुन्हा या साच्यात बसवायला वेळ नव्हता. आदल्या दिवशी नुसतं तपासायला म्हणून पूर्ण कॅसेटची, न कापलेली एक व्हीसीडी केली होती. तीच काढून दिली.

ती चालली. मामांकडे चालली. मामांनी दाजींना दिली, तर जपान्यानेही मुकाट्याने घेतली. एडिसनला पाठवली, तिथे लॅपटॉपवर चालली. सासवडच्या आत्याकडचा प्लेअर नाव नसलेला, चिनी, गाडीतळाच्या हातगाडीवरून घेतलेला. त्यात भाकरी ठेवली असती तरी त्याने वाजवली असती. त्याचं कौतुक नको. पण बाकीच्यांकडे माझी सनई, माझा मेनू, माझी फिरती तुळस कुणीही पाहिली नाही. साऱ्या खानदानाने पाहिल्या त्या चपला. नाना मात्र खूश. "बघ, मी म्हटलं नव्हतं? कुठल्याही प्लेअरवर चालते."

मग दाजींचा जपानी गेला, मामांचा भंगारात गेला. माझ्या आताच्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नाही. नानाही गेले. आत्याचा हातगाडीवाला तेवढा अजून आहे, वर क्रोशाचं झाकण घालून.

सासवडला गेलं की जेवणं झाल्यावर ती म्हणतेच, "लाव रे ती चपलांची." मग सगळे बसतात. सोळाव्या मिनिटाला चपला थांबतात आणि पडद्याबाहेरून नानांचा आवाज येतो, केळीवाल्याशी भाव करणारा. तो वीस म्हणतोय, नाना पंधरा.

"दे की नाना त्याला वीस," आत्या दर वेळी टीव्हीला सांगते, "पालखीच्या दिवशी कसली घासाघीस?"

नाना दर वेळी अठराला घेतात.